मॉनिटर घेण्याआधी लॅपटॉपची पोर्ट बघ

मॉनिटर कुठला घेऊ हे ठरवण्याआधी लॅपटॉपची पोर्ट नीट बघून घे. यूएसबी-सी दिसलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. पोर्टशेजारी थंडरबोल्टचं विजेच्या आकाराचं किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असेल तर काम झालं. नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, म्हणजे यूएसबी-सीतून चित्र पाठवायची सोय, शोध. एचडीएमआय वापरणार असशील तर आवृत्तीही तपास. १.४ वर फोर-के (३८४० बाय २१६० पिक्सेल) चित्र ३० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवरच अडकतं, माउसचा बाण अडखळत सरकतो. ६० साठी २.० लागतं.

२४ इंचाला फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल) चालतं. २७ इंचाला मात्र ते अजिबात घेऊ नकोस. इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात, अक्षरांच्या कडा फुटतात आणि देवनागरीतली जोडाक्षरं तर गिचमिड दिसतात. दिवसभर वाचायचं असेल तर २५६० बाय १४४० घे, इथे काटकसर नको.

मॉनिटर यूएसबी-सीवरून लॅपटॉप चार्जही करणार असेल तर तो किती वॉट देतो ते तुझ्या चार्जरशी ताडून बघ.

बाकी वस्तूंत आधी वेगळा कीबोर्ड आणि माउस. लॅपटॉप स्टँडवर चढवून त्याच्याच कीबोर्डवर टाईप केलंस तर मनगटं दुखणारच. स्टँड कुठलाही चालेल, डगमगला नाही म्हणजे झालं. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. त्याची उंची बदलता येत नसेल तर मागे व्हेसाची (ठरावीक मापाची, स्क्रूसाठीची) भोकं आहेत ना ते बघ, म्हणजे नंतर आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हलता दांडा, लावता येईल.