नागपुरात पवनचक्की की सोलर? काहीही लावा, पण मे महिन्यात ठरवू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की बेसा साइडला घर आहे, संध्याकाळी गच्चीवर इतका वारा असतो की वाळत घातलेले कपडे उडतात, अन् एक सेल्समन म्हणतो सोलर फक्त दिवसा चालतं, छोटी पवनचक्की लावा, रात्रंदिवस वीज. वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. सहा वर्षांआधी हेच वाक्य मी ऐकलं होतं, तेही मे महिन्यात, तेही गच्चीवर, अन् माझा टॉवेल उडून शेजारच्यांच्या कूलरवर जाऊन पडला होता. त्या टॉवेलच्या भरवशावर दीड लाख गेले.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही, किराणा दुकानवाला आहे, जे भोगलं तेवढंच सांगून राहिलो. ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनीला जोडलेलं सोलर), नेट मीटर (घेतलेली अन् परत दिलेली वीज मोजणारं मीटर) वगैरे तुम्हाला माहीतच असेल, त्यात जात नाही.

चक्कीचं थोडक्यात. डब्यावर १ किलोवॅट लिहिलं होतं अन् ते खोटं नव्हतं, फक्त त्यासाठी ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वारा लागतो, सतत. वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते, म्हणजे १२५ वॅट, कसाबसा एक कूलर. अन् आपल्याकडे वारा काय तो मे ते जुलै, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पान हलत नाही. साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर चक्क्या उभ्या केल्या त्या उगाच नाही, तिथं वारा मोकळा येतो. आपल्या वस्तीत तीन मजली घरं, त्यावर टाक्या, वारा भोवरे घेत येतो, चक्की फिरते कमी अन् तोंडच फिरवते जास्त. त्यात फिरली की स्लॅबमधून घूं घूं, आई खालून विचारायची वर कोण दळण दळून राहिलं बा. नोव्हेंबरात पंधरा दिवस वहीत रीडिंग लिहिलं, सगळे मिळून ३ युनिट. १ किलोवॅट सोलर एका चांगल्या दिवसाला ४ देतं.

म्हणून सोलरच लावा, माझं मत पक्कं आहे. पण खरा मार मी सोलरमध्येच खाल्ला, चक्कीचं तर निदान विकून थोडे आले.

२०२४ मध्ये छतावर सोलर लावायची केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी, म्हटलं आता थांबायचं नाही. कंपनीचा पोरगा सर्व्हेला आला मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी बाराला. वर गेला, मोबाइलमध्ये चार फोटो काढले, म्हणे काका शॅडो फ्री टेरेस आहे तुमची, मस्त. अन् खरंच सावली नव्हती हो! त्या आठवड्यात नागपुरात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, उभ्या खांबाचीही सावली पायातच राहते. त्या दिवशी माझीसुद्धा पडत नव्हती, टाकीची काय पडणार.

जिन्याच्या खोलीवर आमची पाण्याची टाकी, पॅनेलपेक्षा साधारण ९ फूट वर, अन् पॅनेलच्या दक्षिणेला. पाऊस गेला, दिवाळी झाली, अन् ॲपमध्ये युनिट उतरायला लागले. मी धुऊन पाहिलं, कंपनीला फोन केले, ते म्हणत ढग असतील काका. डिसेंबरात कुठले ढग? एक दिवस सकाळी नऊला चहा घेऊन वर गेलो तर टाकीची सावली पसरलेली, सतरा-अठरा फूट, तीन पॅनेल पार काळे. दुपारी बाराला पण ९ फूट सावली होतीच, कारण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो अन् अर्ध्या उंचीवरूनच परत जातो. पॅनेल एका लाइनीत जोडलेले असतात, पाण्याच्या नळीवर कुठंही पाय दिला की धार कमीच होते तसं, तीनवर सावली अन् भोगायचं सगळ्यांनी. सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात, पण ते काही जादू करत नाहीत.

कंपनी म्हणे सर्व्हे रिपोर्टवर तुमची सही आहे. होती. वाचली नव्हती. मग पदरचे पैसे घालून स्ट्रक्चर उंच केलं अन् तीन पॅनेल पूर्वेला सरकवले. (सगळ्या कंपन्या अशा नसतात, माझ्या भावाचं काम दुसऱ्याकडून एकदम बेस्ट झालं.)

तुमचं बांधकाम झालेलं आहे तर एवढं करा, डिसेंबरच्या कोणत्याही दिवशी नऊ, बारा अन् तीनला वर जाऊन खडूनं सावलीची रेघ मारा, पॅनेल त्या रेघांच्या बाहेर. थांबायचं नसेल तर जी वस्तू दक्षिणेला आहे तिची पॅनेलपासूनची उंची मोजा अन् दुप्पट जागा सोडा, नागपूरपुरतं हे चालतं. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर तिथं उद्या काय उभं राहील तेही डोक्यात ठेवा.

अजून एक, बिल कोणाच्या नावावर आहे ते आजच पाहा. आमचं बाबांच्या नावावर होतं, बाबांना जाऊन आठ वर्षं झालेली. एका ऑफिसात त्या नावासाठी मला पाच चकरा मारायला लावल्या, दरवेळी नवीन कागद, एकदा तर म्हणे अर्जदाराला स्वतः घेऊन या. काय बोलणार. तोवर पॅनेल वर तयार, नेट मीटर नाही.

आपल्या उन्हानं खूप युनिट येतील असंही समजू नका, ४५ डिग्रीत पॅनेल तापून ६५ च्या वर जातं अन् उत्पादन घटतं, आमच्याकडे मार्च मेपेक्षा सरस निघतो. धुवायचं ते सकाळी सहाला, तापलेल्या काचेवर थंड पाणी नको, अन् बोअरचं तर नकोच, पांढरे डाग निघत नाहीत.

चक्कीचा खांब अजून गच्चीवर आहे, आई त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालते. तुमच्या टाकीची दिशा अन् उंची लिहा, रविवारी दुकान बंद असतं, बसून सांगतो.