रँडम टॉलरन्स घेताना आधी हे बघ

अरे, सर्किटचे पार्ट टॉलरन्समध्ये (छापील मूल्यापासून किती टक्के फरक चालतो ते) रँडम बदलून आउटपुट बघायचा तुझा प्रोग्रॅम पाहिला, गणित जवळपास बरोबर आहे, फक्त रँडम फंक्शन ० ते १ मधला आकडा देतं आणि तू तोच थेट टॉलरन्सने गुणतोयस, म्हणून तुझे सगळे रेझिस्टर १० किलोओहमच्या वरच जातायत. आधी दुप्पट कर, मग १ वजा कर, म्हणजे -१ ते +१ मिळेल आणि ५ टक्केवाला रेझिस्टर ९५०० ते १०५०० ओहममध्ये नीट पसरेल.

आणि प्रत्येक पार्टसाठी नवीन आकडा काढ, हे खरंच महत्त्वाचं आहे! व्होल्टेज डिव्हायडरमध्ये (दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागणारं सर्किट) दोन्हींना एकच आकडा लावलास तर दोघं सोबतच वरखाली होतात, गुणोत्तर हलतच नाही आणि आउटपुट मस्त स्थिर दिसतं, माझे यात दोन दिवस गेलेत. ५ व्होल्टवर दोन सारखे रेझिस्टर असतील तर आउटपुट २.३७५ ते २.६२५ मध्ये फिरायला हवं, पण अगदी टोकाचे आकडे हजार रनमध्येही सहसा येत नाहीत कारण दोघं एकाच वेळी उलट्या टोकाला जावे लागतात, ते कॉर्नर, म्हणजे टोकाच्या आकड्यांच्या जोड्या, वेगळे काढून बघ. सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) फिक्स ठेव, नाहीतर बग परत सापडत नाही.

काही कपॅसिटरचं टॉलरन्स -२० ते +८० टक्के असतं, तिथे हा फॉर्म्युला नको, खालची आणि वरची लिमिट घेऊन त्यांच्यामधला कुठलाही रँडम आकडा काढ.