सामरीला हसण्याआधी

मागच्या अंकात मी रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ या भुताच्या हिंदी सिनेमाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवते आणि सगळे प्रश्न भुताखेतांचेच घेते.

प्रश्न : माझे बाबा रामसे बंधूंच्या सिनेमांचे वेडे आहेत. मित्र घरी आले की ते हौसेने ‘पुराना मंदिर’ लावतात आणि आम्ही पोट धरून हसतो. बाबा काही बोलत नाहीत, उठून आत जातात. त्यांना त्यात एवढं काय दिसतं?
– कॉलेज विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

बाळा, बाबा उठून आत जातात हे वाचून मला फार वाईट वाटलं, म्हणून तुझंच पत्र आधी घेतलं. तुम्ही कशाला हसता ते मला ठाऊक आहे. धुराचे लोट, खिडकीतून येणारा हिरवा-निळा उजेड, करकरणारी दारं. आता हे कुणी आणि कसं उभं केलं ते ऐक.

रामसेंचे वडील फतेहचंद यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि सिनेमात पडले. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ आपटला. त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करतात असा एक प्रसंग आहे. लोक तेवढ्या प्रसंगासाठी थिएटरात येत होते, हे मुलांनी हेरलं. त्यातून १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ जन्माला आला. अख्खं बिऱ्हाड महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात उतरलं आणि साधारण चाळीस दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात सिनेमा पुरा झाला. सात भाऊ, सातांना कामं वाटलेली. कुमार लिहायचे, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मिती बघायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. मोठा सेट लावायला पैसा नव्हता, म्हणून ते खऱ्या वाड्यांत जायचे. मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यात त्यांनी चित्रीकरण केलं. भिंतीची ओल, जिन्याचा अंधार, समुद्राच्या वाऱ्याने खाल्लेली लाकडं, हे सगळं त्यांना आयतं मिळालं, आणि ते कसं टिपायचं हे गंगूंना बरोबर कळत होतं.

आता सामरी, म्हणजे त्या सिनेमातला राक्षस. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये श्रेयनामावलीत नाव येतं अजय अग्रवाल. खरं नाव अनिरुद्ध, रुडकीचा सिव्हिल इंजिनिअर. सहा फुटांच्या वर उंची, लांबट चेहरा, पुढे आलेलं कपाळ. पुढच्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघ. रंगरंगोटी आहे, डोळे लाल आहेत, खरं त्याखालची हाडं त्या माणसाची स्वतःची आहेत. आणि त्याची चाल बघ. तो कुणाच्या मागे धावत नाही. पावलं जड टाकत सरळ येतो, कारण पळणारा माणूस कुठेही गेला तरी सापडणार आहे याची त्याला खात्री आहे. हे शिकवून येत नाही. दहा वर्षांनी ‘बँडिट क्वीन’मधला डाकू बाबू गुज्जर त्यानेच केला. तिथे ना धूर होता ना मेकअप, तरी अंगावर काटा आला. त्या माणसाच्या अंगात नट होता, राक्षसाच्या वेषातसुद्धा.

मी निपाणीची. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळल्या जायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं आपोआप चालायची आणि तोंड मोकळं. आईने ‘पुराना मंदिर’ बघितला आणि दुसऱ्या दिवशी ज्या बायकांना जाता आलं नव्हतं त्यांना तो पहिल्यापासून सांगितला. कथेतला राजा बिजापूरचा, त्यामुळे सगळ्यांना ते आपल्याच मुलखात घडल्यासारखं वाटत होतं. राक्षसाचं धड एकीकडे पुरलेलं, मुंडकं पेटीत, पेटीवर त्रिशूळ. राजाच्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार हा शाप. इथे आई थांबायची. सुपावरचे सगळे हात थांबायचे. त्यातल्या कितीजणींनी घरात बाळंतपणात गेलेली जाऊ, नणंद, बहीण पाहिली होती. शहरातल्या समीक्षकांनी त्या सिनेमाला फालतू म्हटलं असेल, आमच्या गल्लीने तसं कधी म्हटलं नाही.

उरुसात तंबूचा सिनेमा यायचा तेव्हा तर मजाच. पडदा मध्ये, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, खाली मातीवर बैठक. भूत आलं की अर्धा तंबू ‘आई गंऽ’ आणि अर्धा तंबू कानडीत ‘यव्वाऽ’ म्हणून ओरडायचा आणि अनोळखी बाया एकमेकींचा हात धरायच्या. एरवी त्या काळात भाषेवरून आपल्याकडे काय काय चाललेलं असायचं ते तुझ्या बाबांना विचार. ते आत गेले की तू पण मागे जा. त्यांनी हा सिनेमा पहिल्यांदा कुठे पाहिला, शेजारी कोण बसलं होतं, एवढंच विचार. मग सिनेमा पुन्हा लाव.

प्रश्न : बाई, या भुताच्या सिनेमांत आपली मराठी माणसं होती का? की चांगले नट अशी कामं घेतच नव्हते?
– चिकोडीहून एक वाचक

होती की, आणि चांगली होती. ‘पुराना मंदिर’मध्येच सदाशिव अमरापूरकर आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीने त्यांनी देश हलवला होता. त्याच सिनेमात ललिताबाई पवार आहेत. रामसेंच्याच ‘तहखाना’ आणि ‘वीराना’त हेमंत बिर्जे, म्हणजे १९८५ च्या टारझनचा नायक.

आणि आपल्याला सगळ्यांत जवळचे विजयेंद्र घाटगे. कागलच्या घाटगे घराण्यातले, म्हणजे निपाणीहून एस.टी.त बसलं की पुढचंच गाव म्हणा. १९८८ च्या ‘वीराना’त चेटकिणीला जाळ्यात पकडायला निघणारा समीर त्यांनी केला आहे. तो पहिला भाग मला अजून पाठ आहे. समोर काय आहे ते माहीत असूनही तोंडावर हसू ठेवायचं, असं अवघड काम आहे ते. घाटगे डोळ्यांनी भीती दाखवतात आणि ओठांनी ती लपवतात. आमच्याकडे ‘वीराना’ लागला की ‘आपले घाटगे सरकार’ म्हणून लोक मान ताठ करून बसायचे.

त्याच सिनेमातला तांत्रिक आठवतो? तो राजेश विवेक. पुढे २००१ मध्ये ‘लगान’मधला गुरन म्हणून सगळ्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं. खरं आम्ही त्याला तेरा वर्षं आधीपासून ओळखत होतो! भुताच्या सिनेमाच्या प्रेक्षकाला नट लवकर कळतात. तिथे मोठा नायक नसतो, संवाद बेताचे असतात, म्हणून माणसाचा चेहरा आणि हालचाल यांच्याकडेच लक्ष राहतं.

प्रश्न : ‘वीराना’तली जास्मिन आता कुठे असते? तिचा पत्ता मिळेल का?
– खानापूर तालुक्यातून एक चाहता

नाही. आणि शोधूही नका. ती पडद्यापासून लांब गेली, तो तिचा निर्णय. तिच्याबद्दल नाही नाही त्या वावड्या उठवल्या जातात, त्यात आपण भर घालायची नाही. तिचं काम आपल्याजवळ आहे. प्रेम असेल तर ते बघा, पुन्हा बघा.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा भुताचा सिनेमा दाखव म्हणून हट्ट करतो आणि मग रात्री दिवा मालवू देत नाही. बंदच करू का?
– एक आई, संकेश्वर

ताई, बंद करू नका, निवड तुम्ही करा. रामसेंचे सिनेमे त्याच्यासाठी नाहीत. ते बहुतेक प्रौढांचे आहेत, त्यांत शाप आणि रक्तापलीकडेही पुष्कळ काही आहे. मोठा झाला की बघेल. आता त्याला ‘झपाटलेला’ दाखवा, भर दुपारी, तुम्ही शेजारी बसून. आणि दाखवण्याआधी सांगा, की तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी घडवला आहे. पाध्ये बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम करतात, त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर सहज सापडतील. ते आधी बघू दे. ओठ कसे हलतात, मान कशी वळते, हात कुठून आत जातो. मग एखादा जुना मोजा आणि दोन बटणं देऊन त्यालाच एक भूत बनवायला लावा. रात्री ते उशाशी ठेवू दे आणि दिवा त्यालाच मालवू दे. आठ दिवसांत नाही जमलं तर मला पुन्हा लिहा.