सहकाऱ्यात अ‍ॅस्पर्गरची लक्षणे आहेत हे कसे ओळखावे?

आपला सहकारी नजर टाळतो, एकाच विषयावर बोलत राहतो आणि चारचौघांत मिसळत नाही; हे अ‍ॅस्पर्गर, म्हणजे ऑटिझमचा (इतरांशी संवाद साधणे जन्मापासून वेगळे असण्याचा) एक प्रकार, असेल का आणि त्याला माणसांत कसे आणावे, असे आपण विचारले आहे. नुसत्या नजर टाळण्यावरून काहीच ठरत नाही. अशी वागणूक लहानपणापासून आहे का, आणि तिच्या जोडीला ठरलेल्या क्रमाचा आग्रह, आवाज किंवा प्रकाश असह्य होणे, आडून बोललेले न कळणे, यांपैकी काही आहे का, हे पाहावे लागते.

माझ्या धाकट्या भावात हे सगळे होते. काकांनी एकदा आपल्या निरोप समारंभाचे भाषण घरी वाचून दाखवले आणि ‘कसं वाटलं?’ असे त्यालाच विचारले. ‘तिसरा परिच्छेद म्हणजे पहिलाच पुन्हा लिहिलाय,’ असे त्याने सांगितले. सगळे गप्प झाले आहेत याचा त्याला पत्ताच नव्हता, म्हणून त्याने कागद मागून घेतला आणि काकांना नीट दिसावे यासाठी सारख्या आशयाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. काकांनी आईचे संस्कार काढले. रात्री तो मला म्हणाला, ‘उत्तर नको होतं, तर विचारलं कशाला?’ या प्रश्नात काय चुकीचे आहे, हे मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

पुढे निदान झाले तेव्हा ‘उद्धटपणाला डॉक्टरांनी नवे नाव दिले’ असे काका म्हणाले. यात नवे काही नाही. बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी व्हिएन्नात अशा मुलांचे वर्णन १९४४ मध्येच केले होते, ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८१ मध्ये ‘अ‍ॅस्पर्गर’ ही संज्ञा रूढ केली आणि २०१३ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत ती ऑटिझम स्पेक्ट्रम या एकाच व्यापक निदानात सामावली गेली. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की ही अडचण दुतर्फा असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही त्याचे कळत नाही. माझ्या भावाला काकांचा राग कळला नाही हे सर्वांनी पाहिले, पण काकांना त्याचा प्रामाणिकपणा कळला नाही याची नोंद कोणीच घेतली नाही.

म्हणून आपल्या सहकाऱ्याला माणसांत आणण्याचा आग्रह सोडावा. त्याच्याशी सूचक न बोलता स्पष्ट बोलावे, बैठकीचा विषय आधी कळवावा आणि गोंगाटात येण्याची सक्ती करू नये. यासाठी निदानाची वाट पाहण्याचीही गरज नाही.

अर्थात सामाजिक भीती किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असलेली माणसेही वरवर अशीच वाटू शकतात, आणि अनेक जण, विशेषतः स्त्रिया, ही लक्षणे इतक्या कष्टाने झाकतात की सहकाऱ्यांना ती दिसतच नाहीत. इंटरनेटवरील प्रश्नावल्यांतून फार तर अंदाज येतो, निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञच करू शकतात. तेथे जायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे; आपण मात्र आपला हा तर्क कार्यालयात कोणालाही बोलून दाखवू नये.