सोलापुरात बर्फ नाही, मग मुलीनं आइस हॉकीत करिअर करायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारा वर्षांची आहे, जुळे सोलापुरात चार वर्षं रेसचं स्केटिंग करते, आता तिला आइस हॉकी खेळायची आहे. त्यात करिअर होईल का? आणि "रेसवाली मुलगी बर्फावर उतरली की आपोआप हॉकी जमते" असं क्लासमध्ये सांगतात, ते खरं आहे का?

दुसरं आधी घेते, कारण याच वाक्यावरून शहरातल्या एका प्रशिक्षकांशी माझा जुना वाद आहे. ते खरं नाही.

रेसचा ट्रॅक कायम डावीकडे वळतो. चार वर्षं रोज डावीकडे वळलेल्या मुलीचा डावा क्रॉसओव्हर, म्हणजे वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं, देखणा होतो, पण उजवीकडे पाय उचलायची वेळ आली की ती अडखळते. उलटं स्केटिंग तिला कुणी शिकवलेलं नसतं, कारण रेसमध्ये ते लागत नाही. लांब स्ट्राइड, वाकलेली पाठ, मोकळे हात ही तिची सवय. हॉकीत दोन्ही हात स्टिकवर आणि मान वर हवी. एक पाळी, म्हणजे बदलून बाहेर येईपर्यंतचा बर्फावरचा वेळ, जेमतेम ४५ सेकंदांची असते आणि तेवढ्यात आठ-दहा वेळा जागीच थांबून पुन्हा सुटायचं असतं. थांबणं हा हॉकीचा पाया आहे, आणि रेसमध्ये शेवटची रेघ ओलांडल्यावर कसंही थांबलं तरी चालतं.

आमच्याकडच्या एका मुलीचं उदाहरण देते. जिल्ह्यात तिच्या वेगाला जोड नव्हती. उत्तरेतल्या एका रिंकवर ती पहिल्यांदा बर्फावर उतरली, पंधरा मिनिटांत तिथल्या सगळ्यांच्या पुढे पळायला लागली आणि तीनदा रिंकच्या कडेच्या फळीवर आदळली. तिसऱ्यांदा मनगट गेलं. सगळे म्हणाले, बर्फाची सवय नाही. कारण ते नव्हतं. सिमेंटवर ती मागचा पाय आडवा ओढत थांबायची, इंग्रजी टीसारखा. चाक सिमेंटला घासतं म्हणून तिथे ते चालतं. बर्फावर पातं असं ओढलं तर घर्षण इतकं कमी मिळतं की वेगात असताना थांबायला अर्धा रिंक लागतो. खरा थांबा म्हणजे दोन्ही पाती एका झटक्यात प्रवासाच्या दिशेला आडवी करून बर्फ खरवडणं. तो तिला समजावला होता, दाखवलाही होता, तरी कंबर वळेना. सिमेंटवर चाक आडवं केलं की ते रुततं आणि माणूस तोंडावर पडतो, हे तिचं शरीर चार वर्षांत शिकलं होतं. ती भीती डोक्यात नव्हती, कमरेत होती.

त्यात पात्याला धार चुकीची. हॉकीच्या पात्याच्या तळाला मधोमध खोलगट खाच असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर खेळाडू उभा असतो. ही खाच ज्या गोलाईनं घासतात तिची त्रिज्या जितकी लहान, तितकी खाच खोल आणि पकड घट्ट. तिची पाती कुणीतरी तीन सुतावर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घासून दिली होती. थांबायला शिकणाऱ्या मुलीला तीन सूत म्हणजे पायात खिळा. पातं घसरायच्या ऐवजी रुततं, आणि कमरेतली भीती खरी ठरते. नवख्या मुलीला चार किंवा पाच सूत सांगा. पुढे लेहच्या उघड्यावरच्या बर्फावर खेळायची वेळ आली तर तो थंडीनं फार टणक असतो, तिथे चार सुताच्या आत जावं लागतं. धार लावायला देताना आकडा तोंडानं सांगायचा, "नेहमीसारखी" म्हणायचं नाही.

तिला पुन्हा उभं केलं ते असं. कठडा धरून जागच्या जागी एका पायानं बर्फ बाहेरच्या बाजूला ढकलायचा, भुगा पडला पाहिजे. पातं जवळपास सपाट ठेवायचं. कडेवर फार कललं की रुतलंच. मग चालण्याच्या वेगात एका पायानं तेच, मग दोन्ही पायांनी. गुडघे इतके वाकलेले की खाली पाहिलं तर बोटं दिसू नयेत. खांदे पुढेच, वळायचं ते कमरेखाली. आणि दुबळ्या बाजूनं सुरुवात. चांगल्या बाजूनं सुरू केलं की मुली दुसरी बाजू कायमची टाळतात.

सोलापुरात याची तयारी होते. खडबडीत सिमेंटवर नाही, तर मंगल कार्यालयाच्या पॉलिश केलेल्या फरशीवर. लग्नसराई नसताना परवानगी मिळते. झिजलेली, कडक चाकं त्या फरशीवर बर्फासारखी घसरतात. दहा मीटर धाव घेऊन दीड मीटरच्या आत, दोन्ही बाजूंना, दहापैकी दहा वेळा थांबता आलं की मगच बर्फावर न्या.

आता सामान. रेसचे बूट हॉकीला चालत नाहीत: घोट्याला आधार नाही, फ्रेम लांब, चाकं ९० ते १२५ मिलिमीटरची, वळायला मंद. इनलाइन हॉकीचे, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवरच्या हॉकीचे, बूट घ्या, ७२ ते ८० मिलिमीटरच्या चाकांचे. आपल्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर मऊ इनडोअर चाकांचे महिन्याभरात तुकडे पडतात. बाहेरच्यासाठी ८२ए किंवा त्याहून कडक चाकं हवीत. बूट "वाढत्या अंगाचा" म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका. हॉकीचा बूट चपलेपेक्षा एक-दीड नंबर लहानच बसतो. लेस सोडून बोटं पुढे टेकवली की टाचेमागे एक बोट मावावं, दोन मावले तर घोटा डुलतो आणि कड सापडत नाही. बेअरिंगमध्ये धूळ गेली की पाण्यानं धुऊ नका. रॉकेलनं धुऊन वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरे.

स्टिकला फ्लेक्सचा आकडा असतो, जितका मोठा तितकी स्टिक कडक. मुलीचं वजन किलोत जेवढं, साधारण तेवढाच आकडा घ्या. मोठ्यांची ७५ फ्लेक्सची स्टिक कापून दिली तर ती आणखी कडक होते, वाकत नाही, शॉट उठत नाही. साधा रबरी पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, सिमेंटवर उलटापालटा होतो, खाली खुंट्या असलेला इनलाइन हॉकीचा पक लागतो. घरी शॉटच्या सरावाला पॉलिश कडप्पा उत्तम. शहाबादी फरशी नको, पक अडतो आणि स्टिकची तळकड खराब होते.

गळ्याचं संरक्षण पहिल्या दिवसापासून. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात स्केटचं पातं मानेला लागून अॅडम जॉन्सन हा खेळाडू गेला.

करिअर. जगात बायकांच्या हॉकीला पोटापाण्याचा पगार मिळू लागला तो अगदी आत्ता. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९८ ला नागानोत आला, पण उत्तर अमेरिकेतली पीडब्ल्यूएचएल ही बायकांची व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पहिल्या हंगामात सहा संघ, किमान पगार ३५,००० डॉलर. त्याआधीच्या लीगमध्ये राष्ट्रीय संघाच्या मुलीसुद्धा दिवसा नोकरी करून रात्री सराव करायच्या. तिथे पोचणाऱ्या मुली पाचव्या-सहाव्या वर्षापासून बर्फावर असतात. बाराव्या वर्षी सोलापुरातून सुरुवात करणाऱ्या मुलीला ते स्वप्न दाखवू नका.

भारताचं चित्र वेगळं आहे. आपला महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला २०१६ ला तैपेईत. पहिला विजय २०१७ ला बँकॉकमध्ये, फिलिपिन्सवर ४-३. २०२५ ला अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आशिया चषकात कांस्य. संघ बहुतांश लडाखचा, कारण घराजवळचं तळं गोठतं तिथेच त्या शिकतात. आयटीबीपीचा, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचा, महिला संघ आहे आणि भारतात या खेळातून पगाराची नोकरी म्हणाल तर मला तोच रस्ता धड दिसतो. महाराष्ट्राच्या मुलीला वाट अशी: इनलाइन हॉकीच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा, तिथून राज्याचा आइस हॉकी संघ, मग राष्ट्रीय स्पर्धा आणि खेलो इंडिया हिवाळी खेळ. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाच्या भरवशावर बसू नका. त्या वर्षीच्या यादीत हा खेळ आणि ही स्पर्धा बसते का, ते शासन निर्णयात स्वतः वाचा.

हंगामाची अडचण घरातच मोजा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते त्या जानेवारीतच लेहमध्ये स्पर्धा असतात, लगेच पुढे बोर्डाची परीक्षा. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम, स्केट पायात घालायचे नाहीत. सामन्याच्या आदल्या दिवशी पोचलेला संघ दुसऱ्या सत्रात धापा टाकतो. बर्फावरून आलं की पाती पुसून कोरडी करायची आणि कापडी कव्हरमध्ये ठेवायची. प्लास्टिकचं कव्हर फक्त चालण्यापुरतं, त्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी गंज.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ते प्रशिक्षक आइस स्पीड स्केटिंगबद्दल बोलत असतील तर त्यांचं बरोबर आहे. तिथेही वळण डावीकडेच, पाय तेच, आणि खेलो इंडियात महाराष्ट्राच्या मुलांनी त्यात पदकं आणलीत. तुमच्या मुलीला वेगच आवडत असेल, स्टिक आणि धक्काबुक्की नको असेल, तर तिची चार वर्षं तिथे जशीच्या तशी कामाला येतील. हे तिलाच विचारा, क्लासला नाही. हॉकी म्हणाली, तर या आठवड्यापासून रेसचा सराव संपल्यावर वीस मिनिटं ट्रॅकवर उलट्या दिशेनं, उजवीकडे वळत.