बाथरूमचं सिलिकॉन माशांच्या टाकीत

प्रश्न : मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. घरची चार फुटी काचेची टाकी गळत होती. माशांच्या दुकानदाराने कारागीर पाठवून जोड नव्याने भरून दिला, १,८०० रुपये घेतले आणि 'उद्या पाणी भरा' असं सांगितलं. चार दिवसांत नऊ गोल्डफिश मेले. कारागीर टाकून गेलेल्या ट्यूबवर 'सॅनिटरी, बुरशीरोधक, मत्स्यालयासाठी नाही' असं छापलं आहे. दुकानदार बिलावरची ओळ दाखवतो : 'माशांची गॅरंटी नाही'. सिलिकॉनच्या कंपनीवर दावा लावू का?

उत्तर : कंपनीला यातून वगळा. तिने इशारा ट्यूबवरच छापला आहे, त्यामुळे तिच्याविरुद्धची बाजू लंगडी पडेल. तुमचं भांडण दुकानदाराशी आहे.

टाकी जोडायचं सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलं असावं लागतं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये ते मुद्दाम घातलेलं असतं आणि पाण्यात उतरू शकतं. माशांचाच धंदा करणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(११) नुसार निष्काळजीपणामुळे ग्राहकाचं नुकसान होणं ही सेवेतील त्रुटी आहे. बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. मासा आपल्या आजाराने मेला तर ती लागू पडेल, चुकीचा माल वापरल्याची जबाबदारी तिने झटकता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण पुराव्याची आहे. समोरचा वकील म्हणेल, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मासे मेले, किंवा फिल्टर धुतल्याने अमोनिया वाढला. दुसऱ्या दिवशी पाणी भरण्याची घाई तुमचीच, असंही म्हणेल. सिलिकॉन पूर्ण वाळायला बरेच दिवस लागू शकतात, म्हणून 'उद्या पाणी भरा' हे दुकानदाराचं वाक्य तुमच्यासाठी सोन्याचं आहे. ते व्हॉट्सॲपवर असेल तर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

टाकी रिकामी किंवा साफ करू नका. तिथलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून तारीख लिहा. ट्यूब पिशवीत बंद करून ठेवा, जोडाचे आणि ट्यूबच्या मजकुराचे फोटो काढा. गरज पडली तर ग्राहक आयोग ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

आधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस द्या : दुरुस्तीचे पैसे, माशांची किंमत आणि पुन्हा जोडकामाचा खर्च. उत्तराला १५ दिवस पुरेत. मग वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एक मात्र आधी कळवा : तुम्ही माशांची पिल्लं विकत होतात का? तसं असेल तर 'व्यावसायिक वापर' (म्हणजे तुम्ही धंद्यासाठी सेवा घेतली, म्हणून ग्राहक नाही) हा आक्षेप येईल, आणि त्याचं उत्तर नोटिशीतच द्यावं लागेल.