रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून कोविड किती गंभीर होईल हे आधीच कळू शकतं का?

संशोधनात काही प्रमाणात हो, पण वॉर्डात अजून नाही.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 अक्षरांचे आरएनएचे तुकडे. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही; कुठल्या जनुकाचा आवाज किती दाबायचा, एवढं ते ठरवतात. पहिला सापडला 1993 मध्ये, तोही एका मिलिमीटरच्या गोलकृमीत. त्यासाठी ॲम्ब्रॉस आणि रव्हकुन या शास्त्रज्ञांना 2024 चं नोबेल मिळालं. पेशींना इजा झाली किंवा दाह वाढला की मायक्रोआरएनएचं रक्तातलं प्रमाण बदलतं. प्रथिनांना चिकटून किंवा सूक्ष्म पिशव्यांत बसून ते तिथे बऱ्यापैकी टिकतात, म्हणूनच मोजता येतात. कोविडमध्ये दाहाशी निगडित एमआयआर-155 आणि दाहाला लगाम घालणारा एमआयआर-146ए या दोन मायक्रोआरएनएंकडे बरंच लक्ष गेलं.

खरी गोची नमुन्यात आहे. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातला एमआयआर-451ए बाहेर सांडतो आणि आकडे फुगतात. नळीत हेपरिन (रक्त गोठू न देणारा पदार्थ) असेल तर पीसीआर, म्हणजे आरएनए मोजायची चाचणीच, बिघडतो. (गंभीर रुग्णांना हेपरिन औषध म्हणूनही देतात, म्हणजे नेमकी तिथेच पंचाईत!) शिवाय तुलनेसाठी कुठला आरएनए स्थिर धरायचा, यावर एकमत नाही. त्यामुळे एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीकडे जुळेलच असं नाही. वय, मधुमेह, स्टेरॉइड यांचाही परिणाम असतोच.

तोवर डॉक्टर ऑक्सिजन पातळी, श्वासाचा वेग, सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी), डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांचा अंदाज देणारी) हेच बघतात. कुणी खासगी लॅब हजारो रुपयांत ‘मायक्रोआरएनए पॅनेल’ विकत असेल, तर मी तरी करणार नाही.